कामगारावर नजर ठेवण्याआधी कॉम्प्युटरवर ठेवा



या आठवड्याचा व्हिडिओ ग्लान्सेस नावाच्या एका फुकट सॉफ्टवेअरवर आहे. आपला कॉम्प्युटर आत काय करतोय, कशाने दमतोय, हे ते दाखवतं. ते कसं टाकायचं आणि कसं वाचायचं हे व्हिडिओत आहे, खालीही लिहिलंय. पण व्हिडिओत एक गोष्ट मी पूर्ण सांगितली नाही. कॅमेऱ्यासमोर बोलायला जरा जड गेली. ती इथे लिहिते, कारण माझं आजचं मत त्या गोष्टीतूनच आलंय.

प्रत्येक बॅचमध्ये एकजण तरी मला विचारतोच, "मॅडम, दुकानातल्या पोरांच्या स्क्रीनवर नजर ठेवायला एखादं चांगलं सॉफ्टवेअर सांगा ना." प्रश्न विचारणारा वाईट नसतो. त्याने कर्ज काढून दुकान टाकलेलं असतं, काम संथ चाललेलं असतं, पैसे जात असतात, आणि समोर दिसतो तो पगारी माणूस. मग संशय त्याच्यावरच जातो.

माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी कॉम्प्युटरवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर टाका. आठवडाभर बघा. त्यानंतरही माणसावर संशय उरला तर आपण बोलू.

हे उत्तर मला कुणी शिकवलं नाही. फार महागात पडून शिकले.

आमच्या काउंटरवर काय झालं

माझं दुकान झेरॉक्स, प्रिंटिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं. ज्यांचं असं दुकान आहे त्यांना जून महिना म्हणजे काय हे सांगायला नको. ॲडमिशनचे फॉर्म, उत्पन्नाचे दाखले, नॉन क्रिमिलेअर, मार्कशीटच्या झेरॉक्स. शटर वर करायच्या आधीच दोन-चार पालक पायरीवर बसलेले असतात.

काउंटरवर एक मुलगा होता. दीड वर्ष आमच्याकडे. टायपिंगला हात चांगला, बोलायला गोड. पण त्या जूनमध्ये त्याच्याकडून काम पुढे सरकेना. ज्या फॉर्मला दहा मिनिटं लागायची त्याला वीस लागायला लागली. रांगेतली माणसं घड्याळ बघायची आणि समोरच्या दुकानात निघून जायची. मी विचारलं की तो म्हणायचा, "ताई, कॉम्प्युटर अडकतोय." मी आतून उठून बाहेर जायचे, तोवर कॉम्प्युटर चालू झालेला असायचा. दोन-तीनदा असं झालं आणि मला ते कारण वाटायला लागलं.

मग मी मोबाईलवर सीसीटीव्ही बघायला लागले. त्यात काय दिसायचं? मुलगा माऊसवर हात ठेवून शांत बसलाय, समोर गिऱ्हाईक उभं आहे, मिनिटभर काही हालचाल नाही. एकदा तर त्याने खिशातून मोबाईल काढला. झालं, माझं मत पक्कं झालं. त्या दिवशी मी चार गिऱ्हाइकांसमोर त्याला बोलले. बरंच बोलले. त्याने उलट उत्तर दिलं नाही. पुढच्या सोमवारी तो आला नाही. त्या आठवड्यात पगाराचा हिशोब घ्यायला त्याचा भाऊ आला.

काउंटरवर मग मीच बसले. पहिल्याच दिवशी अकरा वाजता स्क्रीन गोठली. माऊसचा बाण फिरतोय, पण क्लिक लागत नाही. समोर एक बाई मुलीची मार्कशीट हातात धरून उभ्या होत्या. मी माऊसवर हात ठेवून शांत बसले होते. वर कॅमेरा होता.

मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "मशीन जुनं झालं. नवीन घ्या, यात पैसे घालू नका." ४२ हजारांचं कोटेशन आलं, हप्ते पण बांधून मिळणार होते. मी ॲडव्हान्स द्यायला निघाले होते. आमच्या जुन्या बॅचमधला एकजण कॉम्प्युटरचं काम करतो, त्याला सहज फोनवर विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच आम्हाला सांगता ना, खर्चाआधी मोजा म्हणून? मग मोजलं का?"

मोजलं नव्हतं.

त्यानेच ग्लान्सेस सांगितलं. मी ते काउंटरच्या मशीनवर टाकलं आणि आतल्या खोलीतल्या लॅपटॉपवर त्याचं पान उघडं ठेवलं. तिसऱ्या दिवशी उत्तर हातात होतं. अकराला काही मिनिटं झाली की मेमरीचा आकडा लाल व्हायचा आणि साडेबारापर्यंत लालच राहायचा. खालच्या यादीत सगळ्यात वर दोन नावं. एक ब्राउझर, ज्यात वीस-बावीस टॅब उघडे होते. आणि दुसरं आमचं बॅकअपचं सॉफ्टवेअर. ते रोज अकरा वाजता स्कॅन केलेल्या सगळ्या कागदांचं फोल्डर तपासायला घ्यायचं. चार जीबी रॅमच्या मशीनला हे दोन्ही एकदम पेलत नव्हतं.

अकराची वेळ कुणी टाकली होती? मी. मार्चमध्ये, जेव्हा अकरा वाजता आमच्याकडे कुणी फिरकत नाही.

बॅकअपची वेळ दुकान बंद व्हायच्या सुमाराला नेली. रॅम चारची आठ जीबी केली, त्याला दीड हजाराच्या आत पैसे लागले. टॅब कामापुरतेच उघडे ठेवायची सवय लावली. ते "जुनं" मशीन आजही काउंटरवर आहे.

त्या मुलाला भेटायला मी त्याच्या घरी गेले. तोवर तो दुसरीकडे लागला होता. मी झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली. तो एवढंच म्हणाला, "ताई, मी सांगत होतो ना." मग मी मोबाईलचं विचारलं. म्हणाला, "पोर्टल बंद आहे का आपला कॉम्प्युटर अडकलाय, ते मोबाईलवर उघडून बघत होतो."

तो परत आला नाही. मी आग्रहही केला नाही, तेवढं तोंड नव्हतं. ४२ हजार वाचले हे खरं. पण नवीन मुलाला हाताशी यायला तो अख्खा सीझन गेला. तो खर्च कुठल्या वहीत लिहायचा, मला अजून कळलेलं नाही.

कॅमेऱ्याला फक्त माणूस दिसतो

आता माझं मत सांगते.

कॅमेरा असो नाहीतर स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर असो, त्याला माणूस दिसतो. माणूस का थांबलाय ते दिसत नाही. अडकलेल्या मशीनसमोर बसलेला प्रामाणिक माणूस आणि टंगळमंगळ करणारा माणूस कॅमेऱ्यात अगदी सारखे दिसतात. तुम्ही संशयाने बघायला बसलात की तुम्हाला दुसराच दिसणार.

शिवाय स्क्रीन रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर त्याच मशीनवर चालतं. त्यालाही मेमरी लागते, डिस्क लागते. आधीच दमलेल्या बैलावर आणखी एक पोतं. काम अजून संथ होणार, आणि तुमचा संशय अजून वाढणार.

चोरीसाठी, गल्ल्यासाठी कॅमेरा ठेवा. माझ्याही दुकानात आहे. पण "काम हळू का होतंय" या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्याकडे मागू नका. काउंटरवरचा माणूस सांगतो "कॉम्प्युटर अडकतोय", तेव्हा त्याच्याकडे पुरावा नसतो. मालकाकडे पगार कापायचा अधिकार असतो. अशा वेळी मशीनचे आकडे दोघांनाही दिसले पाहिजेत. ते मशीन जर त्याच्या बाजूने साक्ष देत असेल तर ती ऐकायला मालकाने तयार असलं पाहिजे.

टास्क मॅनेजर असताना हे कशाला?

बरोबर प्रश्न आहे. तुमच्याकडे विंडोजचा एकच कॉम्प्युटर असेल आणि तुम्ही स्वतःच त्यावर बसत असाल, तर काहीही टाकू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क, सगळं दिसतं. मॅकमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटर आहे. सुरुवात तिथूनच करा.

ग्लान्सेस लागतं ते तीन कारणांसाठी.

पहिलं, दुकानात वेगवेगळ्या जातीची मशीन असतात तेव्हा. आमच्याकडे काउंटरला विंडोज आहे, डिझाइनसाठी मॅक आहे, आणि एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकलंय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्या मशीनवर विंडोज ११ चढत नव्हतं. ग्लान्सेस विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं आणि सगळीकडे जवळपास सारखंच दिसतं. एकदा वाचायला शिकलात की पुरे.

दुसरं, लांबून बघता येतं. काउंटरवरच्या मुलाला उठवून, गिऱ्हाइकासमोर टास्क मॅनेजर उघडत बसायला नको. आतल्या खोलीतून लॅपटॉपवर किंवा मोबाईलच्या ब्राउझरमध्ये दिसतं.

तिसरं, ते इशाऱ्यांची नोंद ठेवतं. कुठला आकडा कधी वाढला आणि किती वेळ वाढलेला राहिला, हे खाली लिहून येतं. मी जाईपर्यंत मशीन चालू झालेलं असायचं, ही माझी अडचण आठवा. या नोंदीने ती सुटली.

हे सॉफ्टवेअर निकोलस हेनिऑन या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केलं. ते पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि ओपन सोर्स आहे. म्हणजे पैसे नाहीत, आणि आतलं कोड कुणालाही तपासता येतं. कुणी तुम्हाला हे "प्रीमियम व्हर्जन" म्हणून विकायला आलं तर हात जोडा.

टाकायचं कसं

कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय. टाइप मात्र इंग्रजीतूनच करायचं. स्पेलिंग व्हिडिओत मोठ्या अक्षरांत दाखवलंय, तिथे थांबवून बघा.

विंडोजसाठी:

१. पायथनच्या अधिकृत वेबसाइटवरूनच पायथन उतरवून घ्या. दुसऱ्या कुठल्या साइटवरून नको.

२. इन्स्टॉल करताना पहिल्याच खिडकीत खाली "पाथ"मध्ये पायथन जोडायचा एक चौकोन असतो. त्यावर टिक करा. दहातले आठजण हे विसरतात असा माझ्या बॅचचा अनुभव आहे, आणि मग "कमांड सापडत नाही" असा मेसेज येतो. तसं झालं तर घाबरू नका, इन्स्टॉलर परत चालवा आणि टिक करा.

३. कमांड प्रॉम्प्ट उघडा. टाइप करा: पिप इन्स्टॉल ग्लान्सेस, आणि ग्लान्सेसला चिकटूनच चौकोनी कंसात वेब. मध्ये जागा सोडायची नाही. कंसातल्या "वेब"मुळे ब्राउझरमध्ये बघायची सोय येते. इंटरनेट चालू असू द्या, थोडा वेळ लागतो.

४. झालं की टाइप करा: ग्लान्सेस, एक जागा सोडून वजाचं चिन्ह आणि त्याला लागून डब्ल्यू. पहिल्यांदा विंडोज फायरवॉल परवानगी विचारेल. "प्रायव्हेट नेटवर्क" एवढंच निवडा, "पब्लिक" नको.

५. त्याच मशीनचा पत्ता शोधा. दुसऱ्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाइप करा. आयपीव्ही४ समोर १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा बहुतेक दिसेल. तो लिहून घ्या.

६. त्याच वायफायवर असलेल्या मोबाईलच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये तो आकडा टाका, पुढे कोलन आणि ६१२०८. काउंटरचा कॉम्प्युटर तुमच्या हातात दिसायला लागेल. पानावरचे आकडे दर दोन-तीन सेकंदांनी बदलत राहतात.

कमांड प्रॉम्प्टची ती काळी खिडकी बंद करू नका, नुसती खाली दाबून ठेवा. बंद केली की ग्लान्सेसही बंद. आणि बघायचं पान दिवसभर उघडंच ठेवा, म्हणजे नोंद सलग मिळते.

मॅकवर होमब्रू असेल तर ब्रू इन्स्टॉल ग्लान्सेस. उबंटू किंवा मिंटवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्लान्सेस, मग नुसतं ग्लान्सेस टाइप केलं की टर्मिनलमध्येच सगळं उघडतं. लिनक्सवर ब्राउझरमधून बघायचं असेल तर पिपएक्स वापरून टाका. टर्मिनलमध्ये बघताना सी दाबलं की सगळ्यात जास्त सीपीयू खाणारा प्रोग्राम वर येतो, एम दाबलं की सगळ्यात जास्त मेमरी खाणारा. बाहेर पडायला क्यू.

वाचायचं कसं

पहिल्यांदा उघडल्यावर आकड्यांची जत्रा दिसते. घाबरू नका. रंगांकडे बघा.

हिरवा म्हणजे ठीक. निळा म्हणजे लक्ष असू द्या. जांभळा म्हणजे इशारा. लाल म्हणजे गंभीर. मेमरीसाठी मूळ सेटिंग असं आहे: ५० टक्क्यांच्या वर निळा, ७० च्या वर जांभळा, ९० च्या वर लाल. हे आकडे बदलता येतात, पण सुरुवातीला हात लावू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. लाल दिसलं म्हणजे लगेच बिघाड नाही. मोठी पीडीएफ उघडली, फोटोशॉप चालू झालं, की सीपीयू दहा सेकंद लाल होणारच. मशीन काम करतंय, एवढाच त्याचा अर्थ. चिंता करायची ती रंग मिनिटं मिनिटं लालच राहतो तेव्हा, आणि त्याच वेळी काउंटरवर काम अडतं तेव्हा. दोन्ही गोष्टी एकत्र पाहिजेत.

मग पुढचं असं बघा:

सीपीयू सतत लाल. यादीत सगळ्यात वर कुठला प्रोग्राम आहे ते बघा. बऱ्याचदा अँटीव्हायरसचं स्कॅन किंवा अपडेट असतं. वेळ बदला. अनोळखी नाव रोज वर येत असेल तर जाणकाराला दाखवा, व्हायरस असू शकतो.

मेमरी सतत लाल. आधी ब्राउझरचे टॅब मोजा, मग सोबत सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा. तरीही लाल राहिली तरच रॅम वाढवा.

सीपीयू आणि मेमरी दोन्ही शांत, पण डिस्कवर वाचणं-लिहिणं थांबतच नाही, आणि मशीन रखडतंय. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा पडताळा. तो शंभर टक्क्यांना चिकटला असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवायचा विचार करा. नवीन कॉम्प्युटरच्या मानाने खर्च फार कमी.

फाइल सिस्टिम लाल. डिस्क भरत आलीय. मागच्या तीन वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर हलवा.

सगळं हिरवं, तरीही काम संथ. मग मशीन निर्दोष आहे. इंटरनेट बघा. तेच पोर्टल मोबाईलच्या डेटावर उघडून बघा. तिथेही अडत असेल तर पोर्टलच बसलंय, गिऱ्हाइकाला सरळ सांगा आणि दुपारनंतर बोलवा. ही युक्ती माझी नाही, कुणाची ते तुम्हाला कळलंच असेल.

दोन गोष्टी सांभाळायच्या

एक, हे पान दुकानाच्या वायफायपुरतंच ठेवा. राउटरमध्ये पोर्ट उघडून घरून बघायची सोय करू नका. गिऱ्हाइकांना वायफाय देत असाल तर ते वेगळं ठेवा. शिवाय ग्लान्सेस सुरू करताना डब्ल्यूच्या पुढे दोन वजा चिन्हं आणि पासवर्ड हा शब्द टाकला की ते पासवर्ड ठेवायला सांगतं. तो ठेवाच. आपल्या मशीनवर काय चालतं हे बाहेरच्याला दिसायचं कारण नाही, लोकांची आधार कार्डं आपल्याकडे असतात.

दोन, दुकानातल्या माणसांना सांगून टाका. चोरून टाकू नका. ग्लान्सेसमध्ये कुणी काय टाइप केलं, कुठलं पान उघडलं हे दिसत नाही. कुठला प्रोग्राम चालू आहे आणि तो किती ओढतोय एवढंच दिसतं. हे त्यांना दाखवा. "कॉम्प्युटर अडकला की इथे दिसेल, तुम्हीच मला हाक मारा" असं सांगा. आमच्याकडे आता नवीन मुलगाच आतून ओरडतो, "ताई, लाल झालं!" मला ते ऐकायला बरं वाटतं.

"पण मॅडम, एवढा वेळ कुणाला आहे?"

हा प्रश्न येणारच. म्हणून एक साधा हिशोब करू. समजा मशीन अडकल्याने प्रत्येक गिऱ्हाइकामागे ९० सेकंद वाया जातात. दिवसाला ४० गिऱ्हाइकं. म्हणजे ३६०० सेकंद, पूर्ण एक तास. रोजचा. दुकानाचं भाडं, लाइट बिल आणि पगार त्या तासालाही लागतात. ग्लान्सेस टाकायला पहिल्यांदा अर्धा-पाऊण तास जाईल. रोज बघायला दोन मिनिटं.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. "सगळा दोष मशीनचाच असतो का? माणसं कामचुकार नसतात का?" असतात. मीही पाहिलीत. मशीन आठवडाभर हिरवं आहे, इंटरनेट नीट आहे, पोर्टल चालतंय, आणि तरी फॉर्मला वीस मिनिटं लागतायत, तर मग खुशाल माणसाशी बोला. पण तेव्हा तुमच्या हातात आकडे असतील. बोलणं आत बसून होईल, गिऱ्हाइकांसमोर होणार नाही. कदाचित तेव्हाही कळेल की त्याला कामच नीट शिकवलेलं नाही. ते शिकवायचं काम कुणाचं होतं?

आणि तिसरा: "दुरुस्तीवाला आहे ना, तो बघेल." दुरुस्तीवाल्याला बोलवाच, पण आधी तुमची आठवड्याची नोंद त्याच्यासमोर ठेवा. रोज अकराला मेमरी ९० च्या वर जाते, यादीत वर हे दोन प्रोग्राम असतात, असं सांगा. मग तो "जुनं झालं, नवीन घ्या" म्हणाला तर विचारता येईल, "का?" चांगला कारागीर याचं उत्तर देतो, आणि त्यालाही अशा गिऱ्हाइकाचं काम करायला आवडतं.

माझा नियम

आता माझ्या दुकानात एक नियम आहे, वहीत पहिल्या पानावर लिहिलाय. कॉम्प्युटरसाठी हजार रुपयांवरचा कुठलाही खर्च, आणि कामाच्या वेगावरून कुणालाही बोलणं, या दोन्ही गोष्टी सात दिवसांची नोंद बघितल्याशिवाय करायच्या नाहीत.

नोंद अगदी साधी. दिवसातून तीन वेळा, गर्दीच्या वेळी. वेळ, सीपीयू, मेमरी, यादीतलं सगळ्यात वरचं नाव, आणि त्या वेळी काउंटरवर काय अडलं होतं. पाच रकाने. साध्या वहीत चालेल. ही नोंद मालकाने एकट्याने ठेवू नये. काउंटरवर जो बसतो त्याच्या हातानेही लिहून घ्या. शेवटचा रकाना त्यालाच नीट माहीत असतो.

तुमच्यापैकी बरेचजण आत्ता पहिलं दुकान टाकताय, पहिला माणूस ठेवताय. भांडवल कमी असतं, म्हणून आपण कॉम्प्युटर सेकंडहँड घेतो. त्यात काही चूक नाही, मीही तेच केलं. पण जुन्या मशीनचा संथपणा नव्या माणसाच्या माथी मारू नका. मशीन बदलता येतं. शिकलेला, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, तुम्हाला "ताई" म्हणणारा माणूस दुकानात टिकवायला मात्र वर्षं लागतात. घालवायला पाच मिनिटं पुरतात, ते मी करून बघितलंय.

या आठवड्याचा गृहपाठ: उद्या गर्दीच्या वेळी टास्क मॅनेजर किंवा ग्लान्सेस उघडा आणि यादीतली वरची तीन नावं लिहून ठेवा. आठ दिवसांनी ती वही घेऊन बसा. शंका असेल तर खाली कमेंटमध्ये विचारा, मी स्वतः उत्तर देते.

आणि आज दुकानात कुणी तुम्हाला म्हणालं "कॉम्प्युटर अडकतोय", तर कृपा करून लगेच उठून बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.